जुने मांगर आणि गोठे: जागेवर बसून तैलरंगात

काळाचिरा (धागालेखक)

कापणी उरकत आली. आतापासून फेब्रुवारी संपेपर्यंत कोकणात ऑन द स्पॉट काम करायला याहून चांगले दिवस नाहीत. जलरंगावर इथे भरपूर लिहिलं गेलंय, तैलरंगावर फारसं नाही, म्हणून हा धागा. विषय मुद्दाम आखडता घेतोय: मांगर (घराशेजारची पेंढा, शेतीचं सामान, गुरं ठेवायची इमारत), गोठे, पेंढ्याच्या माच्या. देवळं आणि वाडे सगळेच रंगवतात. मांगर मात्र आधी जातो, कारण घराचं छप्पर शाकारायला पैसे निघतात, मांगरावर थेट पत्रा चढतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगड पट्ट्यात कौलं उडालेल्या किती गोठ्यांवर पत्रा आला ते तिकडून जाताना दिसतंच. जे उरलेत ते बघून, नीट रंगवून ठेवायला हवेत.

जागा निवडताना आधी दिशा बघा, देखावा नंतर. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला कलून जेमतेम ५० अंश वर असतो. म्हणजे या दिवसांत दक्षिणेची भिंत जवळजवळ दिवसभर उन्हात आणि उत्तरेची दिवसभर सावलीत. दक्षिण आणि पूर्व अशा दोन भिंती दिसतील असा कोपरा धरला तर सकाळी साडेसात ते साडेनऊ दोन्ही भिंती उजळलेल्या राहतात, चित्र सपाट होतं. त्यापेक्षा पूर्व आणि उत्तर दिसेल असं बसा: एक भिंत उन्हात, एक सावलीत, आकार आपोआप उभा राहतो. संध्याकाळी हेच पश्चिम आणि उत्तर धरून. मे महिन्यात हे गणित चालत नाही. तेव्हा दुपारचं ऊन थेट डोक्यावर येतं आणि पागोळीची (छपराच्या खालच्या कडेची) सावली भिंतीवर लांबच लांब उतरते.

वेळ दोन तास, त्याहून जास्त नाही. तेवढ्यात सावली इतकी सरकते की पहिल्या अर्ध्या तासातली आणि शेवटच्या अर्ध्या तासातली चित्रं वेगळी असतात. आकार ९ × १२ इंच पुरे. माझा क्रम असा:

पहिली दहा मिनिटं वहीत, पेन्सिलीने, काडेपेटीएवढ्या चौकोनात फक्त तीन टोन: आकाश आणि खळं उजळ, उन्हातली भिंत मधली, छपराखालची सावली आणि दार गडद. हे तीन टोन जुळले नाहीत तर बोर्डावर जाऊ नका.

मग बोर्डावर पातळ बर्न्ट अंबरने रेखाटन, ६ नंबरच्या फ्लॅटने (चपट्या ब्रशने). पहिली रेघ आढ्याची (छपराच्या माथ्याची). मांगराचं आढं सरळ नसतं. मधल्या खांबाजवळ वर आणि दोन खांबांच्या मध्ये किंचित बसलेलं असतं. पट्टी लावून सरळ ओढलं की तिथे मांगर उरत नाही, नवीन शेड होते. दुसरी रेघ पागोळीची. समोरून उभं राहिलं तर छपराची उंची भिंतीच्या जवळजवळ दुप्पट दिसते, आणि नवखा माणूस नेमकी भिंत उंच काढतो कारण त्याला दार माणसाएवढं आहे हे माहीत असतं. ब्रशच्या दांड्याने मोजा: दार किती, पागोळीपासून आढं किती.

त्यानंतर सगळ्या सावल्या एकदम, एकाच पातळ, थंड-तपकिरी रंगात. पागोळीची भिंतीवरची सावली, दाराचा काळोख, गडग्याची (दगडी कुंपणाची) सावली, जमिनीवरची मांगराची सावली, सगळं जोडून एक आकार. ही सावली तिथल्या तिथे पक्की करायची आणि नंतर ऊन कुठेही गेलं तरी तिला हात लावायचा नाही. हे जमलं की चित्राचं निम्मं काम झालं. बाकीचं सावकाश बोलू.

कौलारू_दापोली

छपराबद्दल भर घालतो, कारण मांगराच्या चित्रात दोन तृतीयांश जागा तेच खातं.

आधी कौल कोणतं ते ओळखा. नळीची कौलं, म्हणजे कुंभाराने चाकावर केलेली अर्धगोल, ही मूळची. मंगळुरी सपाट कौलं नंतरची. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ च्या सुमारास कारखाना काढला आणि तिथून ती गलबतांनी वर सगळ्या किनाऱ्यावर आली. दोन्हींवर ऊन वेगळं पडतं. नळीच्या कौलांत उभ्या ओळी दिसतात, प्रत्येक नळीच्या एका बाजूला बारीक सावली, त्यामुळे छप्पर दुरून मखमलीसारखं मऊ आणि जरा गडद. मंगळुरी कौलांत आडव्या ओळी जास्त उठतात कारण प्रत्येक रांगेची खालची कड जाड असते आणि तिची सावली खालच्या रांगेवर पडते. नळीच्या छपरावर आडव्या रेघा मारल्या की जाणत्याला लगेच खटकतं.

कौल मोजून रंगवू नका. छप्पर एक सपाट टोन म्हणून भरा, वरच्या बाजूला जरा थंड (आकाश तिथे जास्त परावर्तित होतं), पागोळीकडे जरा उबदार. ओला असतानाच ब्रशच्या मागच्या टोकाने तीन-चार आडव्या रांगा खरवडा, वर जाताना अंतर कमी करत. मग फक्त तीन जागी कौल स्पष्ट दाखवा: पागोळीची कड, आढ्यावरचे कोने (माथ्यावरची कौलं), आणि जिथे नवीन कौल बदललंय ती जागा. बदललेली दोन-चार लालभडक कौलं हा मांगराचा इतिहासच असतो, ती सोडू नका, पण टोन छपराच्याच जवळ ठेवा, नाहीतर डोळा तिथेच अडकतो.

जुन्या कौलाचा रंग: बर्न्ट सिएना + थोडा अल्ट्रामरीन + पांढरा, त्यात दगडफुलाच्या डागांसाठी यलो ऑकर + अल्ट्रामरीन + पांढरा असा राखाडी-हिरवा वेगळा करून मध्येमध्ये. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शेवाळ अजून हिरवं असतं, जानेवारीत वाळून काळंतपकिरी होतं. म्हणून एकच मांगर दोन महिन्यांच्या अंतराने रंगवला तर छप्पर जुन्या चित्रावरून उचलायचं नाही.

रंगपेटी

उत्तम धागा. काळाचिरा, बोर्डाला बेस कोणता देता? बहुतेक जण बर्न्ट सिएनाचा पातळ हात मारून पुसतात, तोच द्यावा असं सगळीकडे शिकवलं जातं. मला मांगरासाठी तो चुकीचा वाटतो.

काळाचिरा

मी सिएनाच देतो. कारण साधं आहे: कोकणात हिरवं अंगावर येतं. फणस, आंबा, काजू, वर माड. खालून उबदार बेस डोकावला की हिरवं मरत नाही, मोकळ्या जागा भरायची घाई होत नाही.

रंगपेटी

हिरव्यासाठी मान्य. पण इथे मुख्य विषय लाल आहे. चिरा (जांभा दगड), कौल, माती, गडगा, सगळं त्याच कुळातलं, आयर्न ऑक्साइडचं. लाल बेसवर लाल भिंत घातली की ती बेसच्या तुलनेत फिकी आणि थंड वाटते, मग आपण तिला आणखी तापवतो. घरी आणल्यावर भिंत भाजल्यासारखी दिसते. मी थंड, मधल्या टोनचा राखाडी-हिरवा बेस देते: अॅक्रिलिक ऑकर + अल्ट्रामरीन + पांढरा, पाण्याने पातळ, आदल्या दिवशी. अॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, उलट चालत नाही हे नवीन लोकांनी लक्षात ठेवावं. त्या बेसवर चिऱ्याचा पहिला हात ठेवला की त्याचा खरा लाल किती आहे ते लगेच कळतं.

काळाचिरा

हा मुद्दा पटला. चित्रात झाडी निम्म्याहून जास्त असेल तर सिएना आणि भिंत-छप्पर-खळं जास्त असेल तर राखाडी-हिरवा, असं धरू.

नवशिकी_वेंगुर्ला

काका, ताई, एक अडचण. माझी भिंत नेहमी विटेची दिसते, चिऱ्याची वाटत नाही. लाइट रेड आणि पांढरा वापरते. काय चुकतंय?

रंगपेटी

तीन गोष्टी. रंग, पोत आणि सांधे.

रंग: चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ आणि केशरी-पिवळट असतो, हवा लागून कडक होतो आणि वर्षानुवर्षं पाऊस खाऊन काळवंडतो. जुन्या मांगराच्या एकाच भिंतीत तीन वेगळे पट्टे असतात. जोत्यालगत पाणी उडून काळपट-हिरवट, मध्ये तपकिरी-लाल, आणि पागोळीखालची जी जागा कधी भिजतच नाही तिथे ताजा पिवळट-लाल. वीट वरपासून खालपर्यंत एकसारखी लाल दिसते, चिरा तसा नसतो. मिश्रणं:

पागोळीखालचा: यलो ऑकर २, लाइट रेड १, पांढरा १.
मधला उन्हातला: बर्न्ट सिएना १, लाइट रेड १, ऑकर १, पांढरा अगदी थोडा.
जोत्याजवळचा: बर्न्ट अंबर + अल्ट्रामरीन, त्यात ऑकरचा बोटभर.
सावलीतला: बर्न्ट सिएना + अल्ट्रामरीन + अलिझरीनचा थेंब, पांढरा शक्यतो नाही.

पांढरा कमी करा हे मुख्य. टायटॅनियम लालमध्ये जास्त गेला की गुलाबी, खडूसारखी भिंत होते. उजळ करायचं असेल तर आधी ऑकर, मग गरजेपुरता पांढरा. उन्हातला चिरा वाटतो तेवढा उजळ नसतोच. सारवलेलं खळं त्याच्यापेक्षा कितीतरी उजळ असतं. डोळे अर्धवट मिटून दोन्ही शेजारी शेजारी बघा.

पोत: चिऱ्याला भोकं असतात. ती ठिपके देऊन येत नाहीत. पातळ थर जरा ओढला गेला की त्यावर जाडसर रंग, मीडियम (रंगात मिसळायचं द्रव) न घालता, ८ नंबरचा हॉग हेअर (ताठ केसांचा) ब्रश आडवा धरून हलकेच फिरवा. खालचा रंग भोकांत राहतो, वरचा उंचवट्यावर बसतो. एकदाच. दुसऱ्यांदा फिरवला की चिखल.

सांधे: मातीत बसवलेल्या जुन्या भिंतीचे सांधे गडद असतात, पांढरे नाहीत. पांढुरक्या रेघांची जाळी दिसते ती अलीकडे सिमेंटने भरलेल्या सांध्यांची. आणि चिऱ्याचा थर विटेपेक्षा खूपच उंच असतो. दाराच्या उंचीत किती थर बसतात ते जागेवर मोजा, तेवढेच काढा. तुमची भिंत विटेची दिसायचं बहुधा हेच मोठं कारण असेल, कारण बारीक थर काढायची हाताला सवय लागते.

काळाचिरा

यात एक जोडतो. पागोळीखाली वर बघा. उन्हाने तापलेल्या खळ्याचा उजेड खालून उसळून वाशांच्या खालच्या अंगाला लागतो, तिथे सावली असूनही केशरी असते. भिंतीवरची सावली मात्र आकाशाकडे तोंड करून असते म्हणून निळसर. एकाच पागोळीखाली वर उबदार आणि खाली थंड. दोन्ही एकाच तपकिरीत भरली तर पागोळी भिंतीला चिकटते, पुढे येत नाही. वाशांसाठी बर्न्ट सिएना + ऑकर, टोन सावलीचाच.

दाराच्या काळोखात काळा वापरू नका. अंबर + अलिझरीन + अल्ट्रामरीन, पातळ, बोर्ड जरा दिसेल असा. जाड काळा ठिगळासारखा पुढे येतो, पातळ पारदर्शक रंग आत जातो. आत गव्हाणीची कड किंवा माळ्यावरचा पेंढा दिसत असेल तर एक फटकारा ऑकरचा, बस.

आगरवाट_अलिबाग

सगळे रंगावर बोलताहेत, खालच्या बोर्डावर कुणी बोलत नाही. किनाऱ्यावर चित्रं खराब होतात ती बहुतेक तिथून.

बाजारातला कॅनव्हास बोर्ड, म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेलं कापड, आपल्या दमट हवेत वाकतो. ताणलेला कॅनव्हास पावसाळ्यात सैल आणि जानेवारीत ताठ होतो, त्या ओढाताणीत जाड रंगाला तडे जातात. ९ × १२ पर्यंत मी बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारा) प्लाय, ४ किंवा ६ मिलीमीटर, सुचवेन. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) स्वस्त आणि गुळगुळीत, पण कडांनी पाणी पितो आणि फुगतो. वापरायचाच तर सहाही बाजू बंद करा.

पद्धत: १८० च्या पॉलिश पेपरने घासा, पुसा. अॅक्रिलिक मीडियमचा एक हात पुढून, मागून, कडांना. त्यामुळे लाकडातला पिवळेपणा वर येत नाही. मग अॅक्रिलिक जेसोचे (पांढऱ्या प्रायमरचे) तीन हात, प्रत्येक आडवा-उभा, मध्ये हलका पेपर. मागच्या बाजूला पण एक हात. पुढूनच प्रायमर लावला तर एकाच बाजूने ओलावा शिरतो आणि बोर्ड धनुष्यासारखा वाकतो. तीन दिवस वाळू द्या. जेसो स्वस्तातला आणि खूप खडूसर असेल तर तो तेल शोषतो आणि गडद रंग दुसऱ्या दिवशी मेल्यासारखे, मॅट दिसतात. अशा वेळी चौथा हात जेसोत थोडं अॅक्रिलिक मीडियम मिसळून.

तेलाबद्दल: हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल खिडक्यांना ठीक, चित्राला नको, ते काळवंडतं. रॉकेल पातळ करायला वापरू नका. आणि कोकणात हमखास होणारी चूक म्हणजे ब्रश खोबरेल तेलाने साफ करणं. खोबरेल वाळत नाही. केसांच्या मुळाशी राहिलेलं तेल पुढच्या चित्रात उतरतं आणि तो भाग आठवडेच्या आठवडे चिकट राहतो. हाताला लावा, ब्रशला लावलंच तर साबण-पाण्याने तीनदा धुवा.

नवशिकी_वेंगुर्ला

थर आणि दाराची उंची आता मोजते, आभारी आहे. वाळण्याचं काय करायचं? एसटीने परत येताना ओलं चित्र कसं आणायचं?

आगरवाट_अलिबाग

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. उष्णतेने वेग वाढतो, दमटपणाने मंदावतो. अंबर लवकर वाळतो, अलिझरीन, आयव्हरी ब्लॅक, कॅडमियम आणि टायटॅनियम उशिरा. म्हणून खालचं रेखाटन अंबरमध्ये. अल्किड मीडियम थेंबभर घातलं तर पातळ थर दुसऱ्या दिवशी हाताला लागत नाही. मात्र ते पहिल्या थरापासून वापरा. खाली नुसत्या तेलाचा ओला जाड थर आणि वर पटकन वाळणारा अल्किडचा असं झालं की वरचा तडकतो.

आणण्यासाठी दोन सारख्या मापाचे बोर्ड समोरासमोर धरा, चारही कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाचे अर्धा सेंटीमीटरचे तुकडे ठेवा आणि चार मोठ्या बाइंडर क्लिप लावा. बुचाखालचे चार ठिपके घरी येऊन दुरुस्त करायचे. एकच चित्र असेल तर दुसरा कोरा बोर्ड न्या. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आत घाम येतो.

कौलारू_दापोली

जागेवरच्या अडचणी, सुटसुटीत:

वारा सकाळी दहा-साडेदहानंतर समुद्रावरून सुरू होतो. ईझलच्या (चित्राच्या तिपाईच्या) मध्यभागी पिशवी टांगून त्यात दोन-तीन किलो चिऱ्याचे तुकडे भरा, जाताना काढून टाका. छत्री ईझलला बांधू नका, शिडासारखी वारा धरते, वेगळी रोवा. छत्री पांढरी किंवा राखाडी. निळ्या-लाल छत्रीखाली बोर्डावर तोच रंग सांडतो आणि सगळी मिश्रणं फसतात.

बोर्ड आणि पॅलेट दोन्ही सावलीत हवेत. बोर्डावर थेट ऊन असेल तर चित्र लख्ख दिसतं, आपण नकळत गडद मिसळतो आणि घरात ते अंधारतं. दाट फणसाखाली बसलात तर उलट होतं.

माडाखाली बसू नका, कारण सांगायला नको. आंब्याखाली बसण्याआधी वर बघा, पानं शिवून केलेली हुमल्यांची (चावऱ्या लाल मुंग्यांची) घरटी असतील तर दुसरी जागा शोधा. ओल्या रंगात चिलट बसलं तर काढायला जाऊ नका, पाय ओढून रेघ होते. वाळल्यावर कोरड्या ब्रशने झाडलं की पडतं.

मालकाला विचारून बसा आणि गुरं कधी सोडतात, कधी येतात तेही विचारा. टर्पेंटाइनचा डबा जमिनीवर ठेवू नका. शिशाचा फ्लेक व्हाइट गोठ्याजवळ आणूच नका. गुरं काहीही चाटतात आणि शिसं त्यांना मारक आहे.

आगरवाट_अलिबाग

वरच्यात एक फार महत्त्वाची गोष्ट राहिली. जवसाच्या तेलाचे बोळे केलेले फडके स्वतःहून पेटू शकतात. तेल घट्ट होताना उष्णता निघते. फडकं पसरलेलं असेल तर ती उडून जाते, बोळा करून कोंबलं तर आतच साठते. आपण पेंढ्याने भरलेल्या मांगराजवळ बसलेलो असतो. फडकी तिथे टाकू नका, पडवीच्या कोपऱ्यात ठेवू नका. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून परत न्या किंवा मोकळ्यावर एकेक पसरून पूर्ण कडक होऊ द्या. घाणेरडं टर्पेंटाइन पऱ्ह्यात (ओढ्यात) किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही. दोन दिवसांत गाळ खाली बसतो, वरचं नितळ परत वापरता येतं.

रंगपेटी

व्हार्निशबद्दल कुणी विचारण्याआधी सांगून टाकते. नोव्हेंबरात केलेलं चित्र पावसाळ्याआधी व्हार्निश करायची घाई नको. पातळ थराला सहा महिने, जाडाला वर्ष. मेअखेर सहा महिने भरतात तेव्हा हवा इतकी दमट असते की व्हार्निशखाली पांढुरकं धुकं धरतं. सरळ पुढच्या डिसेंबरची कोरडी दुपार धरा, बोर्ड आधी तासभर खोलीत उबदार होऊ द्या. मधल्या पावसाळ्यात चित्र बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नका, ती भिंत ओल धरते. आतल्या भिंतीवर, मागे चार बुचं चिकटवून, हवा खेळेल असं. कपाटात अंधारात ठेवलं तर जवसाचं तेल पिवळं पडतं आणि बुरशीही येते. बुरशी आलीच तर कोरड्या मऊ ब्रशने, घराबाहेर, तोंडावर फडकं बांधून झाडा. ओल्या कापडाने पुसलं तर ती जेसोत शिरते.

काळाचिरा

बोर्डाच्या मागे पेन्सिलीने गाव, वाडी, तारीख, वेळ, भिंत कोणत्या दिशेची, कौल नळीचं की मंगळुरी, भिंत चिऱ्याची की मातीची, हे लिहायला विसरू नका. 

पत्रा असलेल्या मांगराबद्दल दोघांनी खासगी निरोपात विचारलंय. तोही रंगवा. पत्र्यावर आकाशाचं प्रतिबिंब असतं म्हणून त्याचा टोन आकाशाच्या अगदी जवळ जातो आणि छप्पर हवेत विरतं. तिथे छपराची कड मागच्या झाडीच्या गडद हिरव्यावर येईल असं दोन पावलं सरकून बसा.